दोन गल्ल्यांवरचा हॅरी कर्नॉफ

कोल्हापूर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ गच्चीवरच बसून राहिलो. "डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली बाबा, पण अजून पाहुणी असल्यासारखंच वाटतं," असं म्हणालीस आणि लगेच आईच्या गुडघ्यावर आलीस. फोनवर मला पटकन काही सुचत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून हे पत्र.

दिवाळीला तू आयरिश चित्रकारांचं जाडजूड पुस्तक आणलंस ना, ते मी रोज दुपारी भिंग घेऊन वाचतो. त्यातला एक माणूस मनातून जातच नाही. हॅरी कर्नॉफ. त्याचं घर स्टेमर स्ट्रीटला होतं, म्हणजे तुझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. भाजी आणायला जाताना तू त्या दारावरून कितीदा गेली असशील.

हा मूळचा डब्लिनचा नव्हेच. जन्म १९०० सालचा, लंडनचा. वडील रशियातून आलेले ज्यू, फर्निचर बनवणारे. आई स्पॅनिश वंशाची. १९१४ मध्ये सगळं कुटुंब डब्लिनला आलं तेव्हा पोरगा चौदा वर्षांचा होता. दोन वर्षांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचं बंड झालं आणि शहराचा मधला भाग जळाला. रॉयल हायबर्नियन अकादमी या कलासंस्थेची अॅबी स्ट्रीटवरची इमारतही आतल्या प्रदर्शनासकट खाक झाली. तिथं राहून त्यालाही तेव्हा दोनच वर्षं झाली होती, मनू, हे वाचताना मी थांबलो. पुढं १९२६ पासून त्याच अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनांत त्याची चित्रं लागू लागली, आणि १९७४ च्या नाताळच्या दिवशी तो गेला तोवर जवळपास दरवर्षी लागत राहिली. १९३६ मध्ये तर तो अकादमीचा सदस्य झाला.

या दोन टोकांच्या मधला भाग मला तुला सांगायचा आहे. दिवसा तो वडिलांच्या कारखान्यात काम शिकायचा, रंधा मारायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्टच्या रात्रवर्गाला जायचा. १९२३ मध्ये त्याला टेलर शिष्यवृत्ती मिळाली. रात्रवर्गाच्या विद्यार्थ्याला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यानंतर कुठं त्याला दिवसभर चित्रं काढता आली. तू म्हणतेस ऑफिसातून येईपर्यंत जीव उरत नाही. खोटं म्हणत नाहीस, माझी पोर राबते हे मला दिसतं. पण रंधा मारून आलेल्या पोराचाही जीव उरत नसणार.

त्यानं काढलं काय, तर रस्ते. वाइनटॅव्हर्न स्ट्रीट, बंदराकाठ, पबची दारं. त्याचं १९४१ चं 'डेव्ही बर्न्स' या पबचं चित्र बघ. समोरच्या 'बेली' पबमधून ड्यूक स्ट्रीटपलीकडं जे दिसतं तेच त्यानं रंगवलंय. त्यासाठी कुठं लांब जायला नको, खिडकीशी बसायचं आणि बघत राहायचं. दुसऱ्या एका चित्रात दोन माणसं शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या मागं सगळीकडं डब्लिनच्या पबांची नावंच नावं. त्याचं शीर्षक म्हणजे तिकडची म्हण आहे, एका पंखावर पाखरू उडत नाही, म्हणजे अजून एक पेला होऊ दे. शहरातली इतकी दारं ज्याला नावानिशी ठाऊक, त्याला मी तरी पाहुणा म्हणणार नाही.

आणि त्याचे लाकडी ठसे! वुडकटची त्याची तीन पुस्तकं निघाली, १९४२, १९४४ आणि १९५१ मध्ये. तू आठवीत असताना मी तुला लिनोकट शिकवलं होतं, त्यामुळं हे फार समजावून सांगायला नको. तरी लिहितोच, कारण लिहितानासुद्धा हाताला बरं वाटतं. पेन्सिलीनं आपण काळं काढतो, लाकडात पांढरं काढतो. जे कोरून टाकशील ते कागदावर पांढरं उरणार आणि जिथं पटाशी लागली नाही तो भाग काळा होणार. म्हणून रात्रीचा रस्ता या कामाला फार लागू पडतो. सगळा ठोकळा आधीच अंधार असतो. त्यात एक खिडकी उघडायची, एक दिवा लावायचा, ओल्या फरशीवर त्या दिव्याची चिरफळलेली रेघ ओढायची. तुझ्याकडं ऐन हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधारतं म्हणून तू कंटाळतेस. ठसे कोरणाऱ्याच्या नजरेनं एकदा ती संध्याकाळ बघ.

रस्त्याचं चित्र म्हणजे दुकानांच्या पाट्या आल्याच, आणि ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात. वर्गातली पोरं हौसेनं स्वतःचं नाव कोरायची, छापून बघायची आणि रडकुंडीला यायची. मग मी त्यांना ट्रेसिंग पेपर पालथा घालून खडूनं घासायला शिकवायचो. कर्नॉफनं ती उलटी अक्षरं किती सहज केली असतील! सुताराच्या घरातला हात होता त्याचा. लाकडाची रेघ कुठं वळते, पटाशी कुठं अडून ढलपी उडेल, हे त्याच्या बोटांना कला शाळेच्या आधीपासून ठाऊक असणार असं मला वाटतं. तुझ्या आजोबांना असंच ठाऊक होतं, त्यांनी मात्र कधी त्यावर शाई लावली नाही.

जॅक येट्स तुला माहीत आहेच, कवी येट्सचा धाकटा भाऊ. लिफी नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीचं त्याचं चित्र मेरियन स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या चित्रानं १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा चित्रकलेलाही पदकं असत. आयर्लंडचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पोहणाऱ्यांपेक्षा त्यात काठावर वाकलेली पाठमोरी गर्दीच जास्त आहे, आणि बघणाराही त्या गर्दीतच उभा राहतो. तिथं तिकीट नाही. एखाद्या शनिवारी जा आणि त्या पाठी मोजून ये.

आता माझं सांगतो. चौतीस वर्षं मी पोरांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवलं. स्मरणचित्राला 'बाजाराचे दृश्य' आलं की सगळ्यांच्या कागदावर तीच छत्री, तीच टोपलीवाली, तोच पाठमोरा माणूस. मी ओरडायचो, अरे, मंडईत जाऊन उभे तरी राहा! आणि मी स्वतः? महाद्वार रोडला कोरीव लाकडी सज्जाचं एक घर होतं, खालच्या मजल्यावर तांब्याभांड्यांचं दुकान. रोज सायकलवरून जाताना मनात म्हणायचो, मे महिन्याच्या सुट्टीत हे काढायचं. अशा वीस-बावीस सुट्ट्या गेल्या. एकदा सकाळी बघतो तर सज्जा ट्रॉलीत पडलेला आणि खांबाची फुलं मातीत. आज डोळे मिटले की तो सज्जा दिसतो, पण त्याला कठडे किती होते ते सांगता येत नाही. पेन्सिलीनं एकदा मोजले असते तर सांगता आलं असतं.

कर्नॉफचा वाइनटॅव्हर्न स्ट्रीटसुद्धा आता तसा नाही. त्याच्या अंगाला, वुड की इथं, पालिकेची कार्यालयं उभी राहिली. तिथं खाली व्हायकिंगांच्या वस्तीचे अवशेष सापडले होते, ते वाचवायला १९७०च्या दशकात हजारो माणसं रस्त्यावर आली, तरी बांधकाम झालंच. त्याच्या चित्रासमोर उभं राहणाऱ्या माणसाला निदान जुनी गल्ली बघायला मिळते.

टेंपल बार भागात ब्लॅक चर्च प्रिंट स्टुडिओ आहे, १९८२ पासूनचा. बाहेरच्यांना शिकायला घेतात का, विचारून बघ. नाही घेतलं तरी अडायचं कारण नाही, घरी चमच्याच्या पाठीनं घासूनही ठसा उतरतो. त्याआधी मी दिलेली वही उघड. ती कोरीच आहे हे तू न सांगताही मला कळतं. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर जे दुकान असेल ते काढ. बोटं गारठली तर दहा मिनिटंच काढ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभी राहा. कुणीतरी थांबून वहीत डोकावेलच. डोकावणारी माणसं सगळीकडं सारखीच असतात, आणि ती आधी चित्रात काय चुकलंय ते सांगतात. ऐकून घे.

पुढच्या महिन्यात तुझ्या मैत्रिणीचे आईवडील तिकडं येताहेत. त्यांच्याकडं आजोबांची लहान गोल पटाशी देतोय, मेतकुटाच्या डब्याशेजारी, फडक्यात गुंडाळून. सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवायला सांगितलंय. धार मी काल लावली. मूठ जरा सैल आहे, घट्ट करायचा मोह झाला, पण त्यांनीच बसवलेली म्हणून तशीच ठेवली. लाकूड मात्र तिथलं घे.

पहिला ठसा बिघडला तरी टाकू नकोस, मला पाठव.

तुझा,
बाबा