घोडीला ढील कधी द्यायची

डिचोली, गोवा

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

मारवाडी घोडी दारात आली आणि तू लगेच खोगिराची चौकशी करतोयस. महिनाभर खोगीर खुंटीवरच राहू दे. तोवर जमिनीवर उभं राहून काम कर. पाठीवर बसल्यावर जे काही लागतं, म्हणजे थांब, चल, मागे सर, वळ, ते सगळं आधी दोरावर शिकवता येतं. आणि तिथे चुकलं तर हाड मोडत नाही.

एक गोष्ट पक्की धर. ताण दिल्याने घोडी अस्वस्थ होते. ताण सुटतो त्या क्षणी ती काय करत होती, तेच तिच्या लक्षात राहतं. म्हणून ढील वेळेवर हवी. दोन सेकंद उशीर झाला तर ती दुसरंच काहीतरी शिकून बसते. तिने मान झटकली आणि तू दचकून दोर सोडलास, तर मान झटकायचं शिक्षण पूर्ण झालं म्हणून समज.

सामान थोडंच लागतं. दोरीची म्होरकी, १२ फुटी दोर अंगठ्याएवढा जाड, चार फुटांची काठी, हातमोजे आणि बूट. चपला घालून जाऊ नकोस. खूर पायावर पडला की कळेल. म्होरकीचा नाकावरचा पट्टा गालफडाच्या हाडाखाली दोन बोटं असू दे, त्याखाली नाकाचं हाड नाजूक होत जातं. दोर हाताला कधीही गुंडाळू नकोस, घड्या घालून धर. आणि ही म्होरकी घालून तिला बांधून ठेवू नकोस किंवा मोकळी सोडू नकोस. कुठे अडकली तर ती तुटत नाही, मानच दुखावते.

सुरुवात मागच्या पायांपासून कर. घोड्याची ताकद पुठ्ठ्यात असते, तो भाग बाजूला सरकवता आला की पळण्याचा जोर उतरतो. तिच्या डाव्या खांद्याजवळ, लाथेच्या टप्प्याबाहेर उभा राहा. डाव्या हाताने दोर आखूड धरून तोंड किंचित आपल्याकडे वळव. आधी नुसतं तिच्या पुठ्ठ्याकडे रोखून बघ. दोन-तीन सेकंद थांब. मग उजवा हात तिकडे उचल. मग दोराचं टोक फिरव. तरीही ढिम्म असेल तर काठीने हलकेच टकटक, आणि ती हलेपर्यंत तीच लय चालू ठेव, मारू मात्र नकोस. डावा मागचा पाय उजव्याच्या पुढून ओलांडला की तत्क्षणी सगळं थांबव: हात खाली, नजर दुसरीकडे, खांदे सैल. पहिल्या दिवशी एक पाऊल पुष्कळ झालं. दर वेळी नजरेपासूनच सुरू केलंस तर पुढे नजरेवरच भागतं.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पाय न ओलांडता ती पुढेच चालायला लागली, तर तोंड पुरेसं वळलेलं नाही. आणि पाय मागून टाकून नुसती घुटमळली, तर त्याला ढील देऊ नकोस, नाहीतर तेवढ्यावरच भागवायला शिकेल. डावीकडून जमलं म्हणून उजवीकडून येईलच असं नाही, तिकडून मुळापासून शिकव.

मागे सरकवताना अगदी नाकासमोर उभा राहू नकोस. कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तिला दिसत नाही. जरा बाजूला राहून दोर हलव. वजन मागे झुकलं, पाऊल पडलं नाही तरी, थांब. डोकं वर फेकून तोंड उघडलं तर तू जास्त जोर लावतोयस.

काव्यावर, म्हणजे लांब दोरावर गोल गोल फिरवणं लोकांना फार आवडतं, कारण त्यात काम केल्यासारखं वाटतं. घोडी दमवण्यासाठी ते करू नकोस. वर्तुळ निदान १५ मीटर रुंद घे (त्याला १२ फुटी दोर पुरणार नाही, लांब दोर घे), लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो. दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं बस. जांभ्याच्या कडक सड्यावर तर नकोच, मऊ वाळूची जागा बघ. सगळं मिळून १५-२० मिनिटं, तेही सकाळी आठच्या आत. आपल्या दमट हवेत घोड्याचा घाम वाळत नाही, अंग तापत राहतं. आणि माडाखाली कधी बांधू नकोस, झावळ पडली तरी पुरे.

तिचं बुजणं मोडायचं काम जवळ जाणं आणि मागे सरणं असं चालतं. निळी ताडपत्री दहा पावलांवर हलव. ती टवकारून बघेल, अंग आखडेल. मारवाड्याचे कान आत वळलेले असतात, त्यामुळे नुसत्या कानांवर जाऊ नकोस, नाकपुड्या आणि पोटाचे स्नायू बघ. ती स्थिर उभी राहिली की ताडपत्री थांबवून दूर ने. ती पळत असताना थांबवलीस तर पळाल्याने संकट टळतं हे तू तिला दाखवलंस. तोंड चघळतेय म्हणून सगळं पटलं असं समजू नकोस, भीती उतरतानाही घोडे चघळतात. शिगमोचे ढोल आणि चवथीचे फटाकेही असेच, लांबून थोडे थोडे ऐकव. शिगम्यात लाकडी घोडा कमरेला बांधून नाचणाऱ्या घोडेमोडणीवाल्यांचं बरं आहे, त्यांचा घोडा बुजत नाही!

उन्हातून अंधाऱ्या तबेल्यात शिरताना ती अडेल, तो हट्ट नव्हे. घोड्याच्या डोळ्यांना अंधार सरावायला आपल्यापेक्षा वेळ लागतो. दारात थांबू दे. शाबासकी म्हणून गूळ हातावर दिलास तर खिसे चावायला लागेल. त्यापेक्षा आयाळीच्या बुडाशी, खांद्यावरच्या उंचवट्यावर खाजव. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि त्याने हृदयाचे ठोके उतरतात.

एवढं करूनही ती एखाद्या दिवशी अचानक अडून बसली, तर शिकवणं बाजूला ठेव आणि दुखणं शोध. पाठ दाब, खूर उचलून बघ, पावसात खुरांतली खाच कुजून वास येतो. दात वर्षातून एकदा घासून घ्यावे लागतात. तुझ्या घोडीचे कधी घासले होते, ते आधीच्या मालकाला विचारून मला कळव. खोगिराचं त्यानंतर बघू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
रमाकांत