खोक्यावर ७५, आत ५५ : केबल कॅरिअर चेनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एकाच ऑर्डरमध्ये दोन वेगळ्या त्रिज्यांच्या चेन, त्यामुळे तुटलेली केबल, आणि काल फोनवर मिळालेली वागणूक

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोललो. पाचवा फोन करणार नाही. हे पत्र "आपली तक्रार नोंदवली आहे" असा मेसेज पाठवणाऱ्याच्या टेबलावर थांबवू नका. चेनचा साचा ज्याला माहीत आहे, त्याच्या हातात द्या.

मी डिचोलीत सुतारकाम करतो. देव्हारे, मखरं, दाराच्या चौकटीवरची नक्षी. वडिलांनी हे आयुष्यभर पटाशीने केलं. मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकून स्वतः सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन, बांधला. गँट्रीची (मागेपुढे सरकणाऱ्या कमानीची) चाल १२०० मिमी, आडवी चाल ९०० मिमी, बिट फिरवायला २.२ किलोवॅटची पाण्याने थंड होणारी मोटर, म्हणजे स्पिंडल. एकेक भाग विचार करून घेतला, त्यातच हलत्या भागांच्या केबल आतून नेणाऱ्या तुमच्या दोन चेन होत्या. आतून २५ बाय ५७ मिमी, वाकण्याची त्रिज्या ७५ मिमी, प्रत्येकी एक मीटर.

७५ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. माझ्या स्पिंडलची शील्डवाली केबल ९.५ मिमी जाड आहे. केबलवाल्याच्या कागदावर लिहिलंय की सतत हलत्या कामात ती जाडीच्या साडेसात पटींपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. म्हणजे ७१ मिमीच्या थोडं वर. म्हणून ७५ ची चेन. लांबीचाही हिशोब केला होता. चेनचं स्थिर टोक चालीच्या बरोबर मध्यावर, म्हणून निम्मी चाल ६००, वळणाचे २३६, दोन जादा कड्यांचे ९०, एकूण ९२६. एक मीटर पुरते. ऑर्डर घेणारा मात्र "चाल १२०० असेल तर दीड मीटर लागेलच" म्हणून अडून बसला. स्थिर टोक कुठे आहे हे त्याने विचारलंच नाही. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

चेन आल्या. दोन्ही खोक्यांवर ७५ छापलेलं. गँट्रीवरचा ब्रॅकेट मी त्याच आकड्यावरून बसवला होता. त्रिज्येची दुप्पट १५०, त्यात कडीची बाहेरची उंची ३५, म्हणजे वळणाची पूर्ण उंची १८५. आडव्या चालीची चेन चपखल बसली. गँट्रीची बसेना. तिचा वरचा पट्टा ब्रॅकेटपासून खाली उतरायचा आणि वळणाजवळ मुरगळल्यासारखा दिसायचा. मी लगेच फोन केला, फोटोही पाठवले. उत्तर आलं : "नवीन आहे, कामाला लागली की बसेल."

मी विश्वास ठेवला. चेन तुम्ही बनवता, तुम्हाला जास्त कळणार असं मला वाटलं.

केबल टाकताना मी कुठेही हात आखडता घेतला नाही. मधे विभाजक घालून स्पिंडलची केबल एका कप्प्यात आणि लिमिट स्विचच्या तारा दुसऱ्या कप्प्यात ठेवल्या. दोन्ही टोकांना चेनच्या बाहेर पक्क्या बांधल्या आणि आत मोकळ्या सोडल्या. शील्डला अर्थिंग दिलं. तरी तीन आठवड्यांत केबल गेली.

कशी गेली तेही सांगतो. मये गावातल्या एका कुटुंबाचा देव्हारा करायला घेतला होता. त्यांच्या कुळागरातला (बागायतीतला) जुना फणस वादळात पडला, आजोबांनी लावलेला. त्याच्या फळ्या कापून, सुकवून त्यांनी माझ्याकडे आणल्या होत्या. मधल्या फळीवर नक्षी निम्मी झाली आणि स्पिंडलला वीज देणारा व्हीएफडी ट्रिप झाला. स्पिंडल थांबला, पण गँट्रीला ते कळायला मार्ग नाही. ती चालत राहिली. न फिरणारं सहा मिलीमीटरचं बिट लाकडात घासत गेलं आणि मोडलं. मी बटण दाबेपर्यंत फळीवर वीतभर लांब चर पडला होता. ती फळी दुकानात मिळत नाही.

केबल वरून धडधाकट होती. मल्टीमीटर लावून वळणाच्या जागी हलवली तर एक तार कधी जोडलेली, कधी तुटलेली. मग दोन्ही चेन उतरवून टेबलावर शेजारी शेजारी दुमडल्या. एकीची उंची १८५, दुसरीची १४५. यातून कडीचे ३५ वजा करून निम्मे केले तर एक ७५ ची आणि दुसरी ५५ ची. खोकी दोन्ही ७५ ची. माझी ७१ ची गरज असलेली केबल तुमच्या ५५ च्या चेनमध्ये दिवसभर मागेपुढे होत होती.

दुसऱ्या फोनवर "फोटो मेल करा" झालं. केले. तिसऱ्या फोनवर एका बाईंनी सांगितलं की गोव्याची हवा दमट, नायलॉन पाणी शोषतं, त्यामुळे फरक पडतो. नायलॉन पाणी शोषतं हे खरं आहे. पण चेन किती वाकणार हे प्रत्येक कडीच्या बाजूला असलेल्या अडसरावर ठरतं आणि तो अडसर साच्यातूनच येतो. पावसाने ७५ चे ५५ होत नाहीत, आणि झालेच तर दोन्ही चेनचे झाले असते. दोन्ही एकाच छपराखाली होत्या. हे तुम्हाला मी समजावून सांगायची वेळ यावी याचंच मला वाईट वाटतं.

आता कालचा फोन. तुमचा माणूस हिंदीत बोलला, मी मराठीत मांडतो. माझा सोळा वर्षांचा मुलगा हातात व्हर्नियर घेऊन शेजारी उभा होता. तो मापं वाचून दाखवणार म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"मशीन कुठल्या कंपनीची?"

"मी स्वतः बांधली आहे."

"म्हणजे लोकल."

"लोकल नाही. स्वतः बांधलेली."

"तेच ते. बोला."

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलाने मापं वाचली. तुमचा माणूस म्हणाला, "चेन वाकते की नाही?" मी म्हटलं, वाकते. "केबल आत बसते की नाही?" बसते. "मग चेन बरोबर आहे. केबल ठेवायचं प्लास्टिक आहे ते, त्यात एवढं काय मोजता?" मी म्हटलं, कोणा इंजिनिअरशी बोलायला द्या. त्याने होल्डवर टाकलं. बावीस मिनिटं. परत आला आणि विचारतो, "ऑर्डर नंबर काय म्हणालात?" तो मी आधी दोनदा दिला होता. तिसऱ्यांदा दिला. त्यावर त्याचा सल्ला असा की केबल आत हलते म्हणून तुटते, तेव्हा आतून प्रत्येक कडीला टाय-रॅप मारून टाका.

साहेब, चेनच्या आत केबल कधीच बांधायची नसते. वाकताना तिला पुढेमागे सरकायला जागा लागते, ती मिळाली नाही तर ती तिथेच तुटते. तुमच्याच कंपनीचा माणूस तुमचाच माल खराब होईल असं सांगत होता. टाय-रॅपनेच भागत असतं तर मी चेन कशाला घेतली असती?

मी एवढं म्हटल्यावर तो म्हणाला, "कंपनीची मशीन घेतली असती तर ही वेळ आली नसती. सुताराने सुतारकाम करावं." त्याच्या मागे कोणीतरी हसलं. ते हसणं माझ्या मुलाने ऐकलं. त्याने व्हर्नियर खाली ठेवला आणि बाहेर गेला. ही मशीन बांधताना दोन वर्षं तो रोज रात्री माझ्यासोबत होता. त्या दोन वर्षांत मोजल्याशिवाय एक भोक आम्ही पाडलं नाही. मोजलं नाही ते तुम्ही. खोक्यावर ७५ छापून आत ५५ ची चेन घातलीत आणि "एवढं काय मोजता" हे मला ऐकवलंत.

तुमच्या पहिल्या चेन मी चार वर्षांपूर्वी एका मित्राच्या मशीनवर बसवल्या होत्या. त्या आजही चालतात. म्हणून तर परत तुमच्याकडे आलो, दोघातिघांना तुमचंच नाव सांगितलं. आता त्यांना काय सांगू?

मला ७५ ची खरी चेन हवी आहे, पाठवण्याआधी दुमडून मोजलेली, आठ दिवसांत. चवथ पाच आठवड्यांवर आहे, चार मखरांची आगाऊ रक्कम घेतली आहे आणि मशीन बंद आहे. केबलचे २,१०० आणि बिटचे ६५० रुपये भरून द्या. फळीचे पैसे मागत नाही, त्याचा आकडा मला लावता येत नाही. आणि कालच्या माणसाने माझ्या मुलाशी फोनवर बोलावं.

हे झालं नाही तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. धंद्यासाठी घेतलेला माल म्हणून हात झटकू नका. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत, आणि तक्रार मी राहतो तिथेच करता येते. कॉलची तारीख, वेळ, दोन्ही खोकी, दोन्ही चेन, तुटलेली केबल सगळं जपून ठेवलंय.

डिचोली, गोवा

ता. क. : गँट्रीच्या चेनसोबत आलेले दोन्ही शेवटचे जोड एकाच प्रकारचे होते. एका टोकाला खाचेचा आणि दुसऱ्या टोकाला खुंटीचा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. एक जोड मी ॲल्युमिनियमच्या पट्टीतून घरी केला. नवीन चेनसोबत दोन्ही प्रकारचे पाठवा. आणि पुन्हा सांगतो, ७५ ची.