एक घंटा थांबायला, दोन निघायला

चिंचवड, पुणे
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

एकाच शहरात, बसने तास-सव्वा तासाच्या अंतरावर राहणाऱ्या मुलाचे पत्र टपालाने आलेले पाहून आईच्या पोटात आधी गोळा येईल, म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहितो की येथे सर्व कुशल आहे. फोनवर बोलता आले असते. पण फोन कानाला लावला की बाबांचे श्रवणयंत्र शिट्टी घालते, आणि समोरासमोर बसलो तर आम्ही दोघेही एकमेकांचे वाक्य पुरे होऊ देत नाही. पत्रात निदान माझी वाक्ये पुरी होतील.

बाबा, गेले तीन रविवार आम्ही पर्वतीला येतो, जेवतो, आणि तुम्ही काहीही बोलत नाही. म्हणजे पावसाविषयी बोलता, मंडईतल्या भावांविषयी बोलता. परंतु धाकट्याने अर्धा भात ताटात टाकून उठावे आणि तुम्ही वर्तमानपत्र उचलून चेहऱ्यासमोर धरावे, हे मी आयुष्यात प्रथमच पाहिले. आज तर तो मोबाइल बघत जेवला. तुमची सून माझ्याकडे पाहत होती, मी तुमच्याकडे पाहत होतो, आणि तुम्ही आतल्या पानावरची निधनवार्ता वाचत होतात. ‘आजपासून मी काही बोलणार नाही,’ असे तुम्ही म्हणालात तेव्हा मला ते दोन दिवसांचे वाटले होते. तुमचा शब्द पाळण्याचा स्वभाव मी विसरलो होतो.

त्या शनिवारचे पुन्हा एकदा लिहितो, कारण त्यातला एक भाग तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही थोरलीला स्वारगेटहून निगडीच्या बसमध्ये एकटीला बसवून दिलेत आणि आम्हाला ते कळवले नाही. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली होती. दापोडीच्या पुढे कुठेतरी तिला झोप लागली, चिंचवड मागे पडले, आणि साडेसहाला घरी येणारी मुलगी आठ वाजता आली. त्या दीड तासात मी काय काय कल्पना केल्या ते येथे लिहीत नाही. आईने त्या न सांगता ओळखल्या असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बरोबर घेऊनच मी पर्वतीला आलो, आणि तिच्यासमोर तुम्हाला म्हणालो, ‘तुमचे दिवस गेले बाबा, आता तुमच्या सल्ल्यांवर मला माझी मुलं वाढवायची नाहीत.’

तुम्ही तिला का पाठवलेत हे मला न सांगताही समजायला हवे होते, कारण तुमचे ते तत्त्व मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सगळा जन्म पीएमटीत, पुण्याच्या शहर बसमध्ये कंडक्टर म्हणून काढून मुलांच्या बाबतीत मात्र तुम्ही एसटीचा नियम लावलात, याची आई नेहमी थट्टा करत असे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, तेव्हा त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा करायची नाही, अभ्यासाचीसुद्धा नाही. पाच ते बारा अर्धे तिकीट, म्हणून अर्धी जबाबदारी: आपले ताट आपण उचलायचे, आपले दप्तर आपण भरायचे, आणि काही विसरले तर शाळेत बोलणी खायची, आईने डबा किंवा वही घेऊन धावत जायचे नाही. बारा पुरी झाली की पूर्ण तिकीट, आणि पूर्ण तिकीट काढणाऱ्या माणसाला एकट्याने प्रवास करता आला पाहिजे. थोरलीला तेरावे लागून चार महिने झाले. तुमच्या हिशेबाने तिला उशीरच झाला होता.

या नियमाची आम्ही हसत हसत टिंगल केली, परंतु तो वाटतो तितका गमतीचा नाही. धाकट्याला तिसऱ्या वर्षी आम्ही दुरेघी वही असलेल्या नर्सरीत घातले, तेव्हा तुम्ही एवढेच म्हणाला होतात, ‘फुकट प्रवाशाकडं तिकीट मागू नका.’ तो वही पाहिली की रडायला लागायचा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवीत असे म्हटले आहे, हे मी पुढे एका पालकसभेत ऐकले. सभेतून बाहेर पडताना मला तुमचे वाक्य आठवले. तुम्हाला मात्र ते मी कळवले नाही. तुमचे बरोबर निघाले की मी गप्प बसतो आणि चुकले की बोलतो, ही माझी सवय या पत्राच्या निमित्ताने कबूल करतो.

‘तुमचे दिवस गेले’ हेही खरे नव्हते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ऐवजी ‘वीस सात’ असे वाचण्याची पद्धत आली आणि गावभर हसू झाले, तेव्हा थोरली नेमकी दुसरीत होती. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ असलेला, सोळा सवा वीस आणि चौदा अडीच पस्तीस हे प्रवाशाचा हात खिशात जाण्याआधी सांगणारा माणूस या प्रकारावर तुटून पडेल, अशी माझी खात्री होती. तुम्ही मात्र म्हणालात की, पासष्ट आणि छप्पन्न यांत मोठी माणसे बसमध्ये गोंधळताना मी तीस वर्षे पाहिली आहेत, मुलांना सोपे करून सांगितले तर बिघडले काय. आणि त्याच दुपारी तिला सवायकीही शिकवायला बसलात! तुमची मते जुनी आहेत असे म्हणणे सोपे आहे. ती नेमकी कुठे वळतील हे सांगणे मला चव्वेचाळीस वर्षांत जमलेले नाही.

आता माझा खरा मुद्दा. मी सातवीत असताना तुम्ही मला खडकीला आत्याकडे एकट्याला पाठवलेत, आणि ती गोष्ट तुम्ही थोरलीला अनेकदा सांगितली आहे. पण बाबा, मी एकटा नव्हतो. त्या मार्गावरच्या प्रत्येक गाडीत तुमच्या ओळखीचा माणूस होता. ट्रे आणि पंच सांभाळणाऱ्या कुणीतरी मला चालकाच्या मागच्या सीटवर बसवले, खडकी आल्यावर हाक मारली, आणि मी उतरून रस्ता ओलांडेपर्यंत दुसरी घंटा दिली नाही. परत आल्यावर मी काय काय केले याचा अहवाल माझ्याआधी डेपोत पोहोचलेला असे. तुमचा सल्ला त्या सगळ्या माणसांच्या आधारावर उभा होता. आमच्या सोसायटीत दीडशे घरे आहेत आणि शेजारच्या मजल्यावर कोण राहते ते मला सांगता येणार नाही. ज्या मुलीला पुण्यात कुणी ओळखत नाही तिला त्याच नियमाने पाठवायचे का, हा माझा प्रश्न होता, आणि तो मी नीट विचारला असता तर तुम्ही त्याला उत्तर दिले असते.

परंतु माझ्या या म्हणण्यालाही एक भोक पडले आहे, आणि तेच तुम्हाला ठाऊक नसलेले. थोरलीने ते मला तीन दिवसांनी, दूध पिता पिता, काही विशेष नसल्यासारखे सांगितले. निगडीला गाडी रिकामी झाल्यावर कंडक्टरने तिला उठवले. तो पंचविशीतला मुलगा होता, म्हणे. कुठे जायचे विचारले, फोन बंद आहे म्हटल्यावर ‘खाली उतरू नकोस, बसून राहा’ असे सांगितले, आणि परत जाणारी पुढची गाडी लागल्यावर तिला स्वतः त्या गाडीच्या कंडक्टरच्या स्वाधीन करून ‘हिला चिंचवडला उतरव’ म्हणून सांगितले. आठ वाजण्याचे कारण हे होते. तुम्ही निवृत्त होण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, २००७ मध्ये, पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल ही एकच कंपनी झाली; त्या दोघांपैकी कुणी तुमचे नावही ऐकले नसेल. तिनेही त्यांना तुमचे नाव सांगितले नव्हते. मी विचारले तर म्हणाली, ‘त्याचा काय संबंध?’

तेव्हा मी म्हणतो तितके काही मोडलेले नाही, आणि तुम्ही समजता तितके सगळे जागेवरही नाही. तिला पाठवण्यात चूक नव्हती. आम्हाला न कळवण्यात होती, आणि ती मी अजूनही चूकच म्हणतो.

माझी चूक मात्र वेगळी आहे आणि ती तुमच्याच नियमाने ठरते. एक घंटा थांबायला, दोन निघायला, हे तुम्ही घरात इतक्या वेळा म्हटले आहे की ताई आणि मी त्यावर नकला करायचो. आईने एकदा ‘नाही’ म्हटले की गाडी थांबली. मग ते तुम्हाला पटो न पटो, आमच्यासमोर तुम्ही कधी दुसरी घंटा दिली नाही. तुमचे वाद व्हायचे ते आम्ही झोपल्यावर, स्वयंपाकघराचा दिवा लावून, आणि दोन खोल्यांच्या घरात आम्हाला ते सगळे ऐकू येत असे, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितले नसेल तर आता सांगतो. तरीही सकाळी आम्हाला एकच उत्तर मिळायचे. मी तेच थोरलीसमोर मोडले. तिच्या आजोबांनी तिच्यावर टाकलेला विश्वास तिच्या बापाने तिच्याच डोळ्यांदेखत धुळीला मिळवला. परत येताना ती गाडीत मागे बसली आणि घर येईपर्यंत बोलली नाही.

याहून अवघड प्रसंगी आपण नीट वागलो होतो. धाकटा झाला तेव्हा आई बाळगुटीसाठी सहाण धुऊन, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग मांडून तयार होती आणि तुम्ही मधाचे बोट लावायला बाटली घेऊन उभे होतात. मी नको म्हणालो. तुम्ही विचारलेत, ‘कारण काय?’ मी सांगितले की सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही द्यायचे नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाही, कारण त्यात बोटुलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि मूल लुळे पडू शकते. तुम्ही बाटलीला झाकण लावलेत. आईला ते पटायला आठवडा लागला (आई, रागावू नकोस), पण तिनेही सहाण उचलून ठेवली. तेव्हा मी कारण दिले होते. या वेळी फक्त आवाज चढवला.

मोबाइलचेही तेच. धाकटा वर्षाचा असताना आम्ही त्याला पडद्यासमोर भरवायचो, आणि तुम्ही म्हणायचात की याला घास गिळला की चित्र गिळले हेच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले होते की त्या वयाला पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला तासाभराहून जास्त नको. हे आम्हा दोघांना माहीत होते. आम्ही दमलेलो होतो, एवढेच कारण. आज तो जेवताना मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही, आणि तो हातातून काढून घेऊ शकणारा घरातला एकमेव माणूस निधनवार्ता वाचत बसला आहे.

एक मत मात्र मी स्वीकारणार नाही, आणि सगळे मोकळेपणाने लिहितोच आहे तर तेही लिहितो. ‘मुलाचं कौतुक घरात करू नये, बाहेरचे करतील तेवढं पुरे.’ दहावीचा निकाल मी पळत घेऊन आलो तेव्हा तुम्ही गुणपत्रिका पाहून विचारलेत, ‘गणितात सहा गेले कुठं?’ ते सहा गुण आजही माझ्या डोक्यात आहेत, मिळालेले बाकीचे नाहीत. मुलगा शेफारू नये ही तुमची काळजी होती, हे मला कळते. पण बाहेरच्यांनी फारसे कौतुक केले नाही, आणि घरातले राहून गेले. मी माझ्या मुलांना बरे केले की बरे म्हणतो. तुम्हीही थोरलीला सवायकी आली तेव्हा खिशातून श्रीखंडाची गोळी काढून दिलीत, ती मी पाहिली आहे. माझ्या वाट्याला गोळी नव्हती; तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

आणि एक पाळतो, ते तुम्हाला ठाऊक नसावे. मूल पडले की सगळे जमिनीला चापट मारून ‘हात रे जमिनीला’ करतात, त्याला तुमचा विरोध असे: जमिनीने काय केले, ती होती तिथेच आहे. धाकटा पडला की मी खाली बसतो, खरचटलेले बघतो, आणि जमिनीला काही म्हणत नाही. त्या शनिवारनंतर मात्र मी जमिनीलाच मारले.

आता येत्या शनिवारचे. थोरली दुपारी दोननंतर चिंचवडहून बसने निघेल, एकटी. तुमच्या सुनेची परवानगी आहे, म्हणजे दोन्ही घंटा झाल्या आहेत. तिच्या दप्तरात आमचे आणि तुमचे फोन नंबर कागदावर लिहिलेले असतील. तुम्ही स्वारगेटला उभे राहू नका असे तिचे म्हणणे आहे. उभे राहायचेच असेल तर तिला दिसणार नाही अशा जागी राहा. पोहोचल्यावर आईने मला फोन करावा. रविवारी आम्ही तिघे जेवायला येऊ. धाकट्याचा मोबाइल मी घरीच ठेवतो, पुढचे तुम्ही बघा.

आईची गुडघेदुखी कशी आहे ते कळवणे. तेल संपले असल्यास येताना आणतो.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा) मुलगा