प्रतिकृती जलविमानाला होडीचं रेझिन नको

संपादक महोदय,

रिमोटवर उडणाऱ्या जलविमानांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फुटलेला तळ होडीच्या दुकानातलं रेझिन आणि मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चिकटवलेली चादर) लावून बुजवा, हा त्यातला सल्ला कुणी पाळला तर मॉडेल हातचं जाईल.

कोकणात फायबरच्या होड्यांना लावतात ते रेझिन बहुधा पॉलिएस्टर असतं. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं, आणि अनेक मॉडेलांच्या तळाचा गाभा थर्माकोलचाच असतो. तिथे इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारचंच रेझिन हवं. इपॉक्सीबरोबर मॅटही चालत नाही. तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा स्टायरीनमध्ये सुटावा असाच बनवलेला असतो. शिवाय मॅट रेझिन फार पिते. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड घ्यावं: बाजूंना चौरस मीटरला 25 ग्रॅमचं, पाण्यावर आपटणाऱ्या तळाला 50 ते 80 ग्रॅमचं.

घाई नडते ती वाळवण्यात. बाल्साचं लाकूड पाणी धरून ठेवतं. ओल्यावर थर दिला तर पुढे फुगा येऊन तो सुटतो. मॉडेल पंख्याखाली ठेवून रोज वजन करावं, ते उतरायचं थांबलं की काम सुरू. तड्याभोवतीचा रंग 25 मिलिमीटरपर्यंत 120 नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. खळगा इपॉक्सीत मायक्रोबलून (सूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी भुकटी) कालवून भरावा. तळाच्या कडेवर कापड तिरपं, 45 अंशांत बसवलं की ते सुरकुतत नाही.

रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर वजनानेच घ्यावेत. डब्यावर 100 ला 10 असेल तर 30 ग्रॅमला 3 ग्रॅम, थेंबांचा अंदाज नको. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, थर कच्चा राहतो. मिश्रण पसरट ताटलीत ठेवावं, खोल कपात ते तापून गोठतं. जुन्या एटीएम कार्डाने रेझिन पसरून वर टॉयलेट पेपरचा रोल फिरवावा, जास्तीचं टिपलं जातं. मुरलेलं रेझिन कापडाच्या वजनाइतकंच असावं. शेपटीकडे वाढलेल्या दहा ग्रॅमचा तोल सांभाळायला नाकात त्याहून बरंच जास्त शिसं घालावं लागतं. मग विमान पाण्यातून उठायलाच कुरकुरतं.

तळाच्या मध्यावर पाणी सुटावं म्हणून जी आडवी पायरी असते, तिची कड धारदारच राहिली पाहिजे. ती गोल झाली की पाणी मागच्या भागाला चिकटून राहतं आणि कितीही थ्रॉटल दिला तरी विमान सुटत नाही. दुरुस्तीत हीच कड सर्वांत जास्त बिघडते, म्हणून ती शेवटी सपाट लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासावी.

दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीच्या थरावर मेणासारखी साय येते. घासण्याआधी ती पाण्याने धुवावी, नाहीतर रंग धरत नाही. घासताना मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. लेखात त्यांचा उल्लेखच नाही.

उन्हाळी सुट्टीत मुलं हे काम हाती घेतील. त्याआधी पुरवणीत रेझिनबाबत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक मॉडेलकार, पुणे