चॅपल बांधले कोणी, हेही सांगा

इंग्लंडमधील एका खेड्यातील मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चॅपलचे, म्हणजे लहान प्रार्थनामंदिराचे, राहते घर झाल्याविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. कमानदार खिडक्यांचे वर्णन सुरेख आहे. मात्र चॅपल रिकामे पडण्याचे ‘भाविक आटले’ हे एकच कारण अपुरे वाटते. एकोणिसाव्या शतकात या पंथात वेस्लियन, प्रिमिटिव्ह अशा शाखा झाल्या आणि एकेका लहान गावात दोन-दोन, तीन-तीन चॅपल उभी राहिली. १९३२ मध्ये तीन प्रमुख शाखा एक झाल्या, तेव्हा त्यांतली बरीच गरजेपेक्षा जास्त ठरली.

त्याहून खटकले ते बांधणाऱ्यांविषयीचे मौन. खेड्यांतील अशी कितीतरी चॅपल शेतमजूर आणि खाणकामगारांनी पदरमोड करून उभारली. पाद्री नसलेली ही साधी माणसे तिथेच प्रवचन करू लागली, चारचौघांत बोलायला शिकली. मजुरांची संघटना बांधताना गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून १८३४ मध्ये टोलपडल या इंग्लंडमधील खेड्याच्या सहा शेतमजुरांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले गेले. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट प्रवचनकार होता. १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रव्यापी संघटना उभारणारा जोसेफ आर्चही तसाच.

घर झाले याचे मला दुःख नाही, छप्पर तरी शाबूत राहिले. पण अशा चॅपलच्या दर्शनी भिंतीत पुष्कळदा देणगीदारांची नावे कोरलेले दगड असतात. नव्या मालकांनी ते गिलाव्याखाली झाकू नयेत. लेखातील छायाचित्रात दाराशेजारी वेलीआड असाच एक दगड दिसतो. त्यावरची नावे आपण छापायला हवी होती.

– एक वाचक, सांगली