मेंटेनर दादांना जाहीर थँक्यू

दादा, पर्सनलला थँक्यू म्हणून झालं पण मन भरंना, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, मेंटेनर म्हणजे प्रोजेक्टचा कोड सांभाळणारा माणूस. आपला मराठी कीबोर्ड आणि शब्दकोशाचं ॲप एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतात, पण दोघांकडं तिची आपापली कॉपी. ऱ्य दोन पद्धतीनं लिहिता येतो, एकतर यूनिकोडमधला वेगळा ऱ (०९३१) घेऊन, नाहीतर साधा र, हलंत आणि मागं झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला सेम. कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीनं लिहायचा आणि शब्दकोशातली जुनी कॉपी ते चिन्ह कचरा समजून उडवून टाकायची, मग सह्याद्रीतल्या दऱ्या शोधल्या की समोर दर्या! कोल्हापुरात महाद्वार रोडला दिवसभर डीटीपी करणाऱ्या माणसाला हे बघवत नाही ओ.

दुरुस्ती मी कीबोर्डच्या कॉपीत करून दिली होती, मर्ज पण झाली, म्हणजे त्यांच्या मुख्य कोडात घेतली गेली. शब्दकोशवाल्यांनी मात्र "आमच्याकडं चालतंय" म्हणून इश्यू, म्हणजे चुकीची नोंद, बंद केला. नंतर कुणीतरी माझाच कोड अर्धा उचलून चिकटवला, नाव नाही गाव नाही, आणि पुढच्या अपडेटला तोही पुसला गेला. लई वाईट वाटलं होतं तेव्हा.

तुम्ही आलात आणि दुरुस्ती आधी मूळ लायब्ररीत नेली, मग तिथनं दोन्हीकडं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तर हा नियमच आहे, आधी मेनलाइन (मूळ कोड), मगच स्टेबल (आधी निघालेल्या आवृत्त्या). पण माझ्या मनाला भिडलं ते वेगळंच. गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिणारा वेगळा आणि कमिट करणारा, म्हणजे बदल नोंदवणारा, वेगळा, दोघांची नावं राहतात. तुम्ही कोड नुसता पेस्ट केला असता तर कुणी विचारलं नसतं, तरी तुम्ही चेरी-पिक केलं, म्हणजे माझा बदल नावासकट उचलला, तेही मायनस एक्स लावून, म्हणजे मूळ कमिटचा नंबर खाली येतो. बदलांचा लॉग उघडला तर ऑथर म्हणून माझं नाव, आणि टेस्टच्या फाइलीत मी दिलेले दऱ्या, कऱ्हाड, वऱ्हाड जसेच्या तसे. बायकोला हाक मारून दाखवलं.

फोर्क, म्हणजे कोडची आपली वेगळी कॉपी, कुणीपण मारतंय दादा, पण ज्याचं त्याला देऊन मग पुढं जाणारी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे रात्री दुकान बंद करून परत कोडला बसतात. परवा तिसऱ्या एका प्रोजेक्टनं मूळ लायब्ररीतनंच कोड ओढला, दऱ्या तिथं पण बरोबर सापडल्या.