‘अननोन डिव्हाइस’ म्हणजे चोरच, असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘तुमच्या वायफायवर शेजारी डल्ला मारतोय का?’ अशा मथळ्याचे संदेश पुन्हा फिरू लागलेत. राउटरचं पान उघडा, जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, अनोळखी नाव दिसलं की ब्लॉक करा, एवढाच त्यातला सल्ला. माझी हयात लेखापरीक्षणात गेली. नोंद कशाची आहे हे न बघता ती खोडायची सवय आम्हाला नसते, म्हणून हे पत्र.

नात्यातल्या एका घरी मी अशी यादी एकेक नोंद पडताळून जुळवली. मंडळी चांगलीच धास्तावली होती, कारण यादीत ‘एस्प्रेसिफ’ नावाचं काहीतरी होतं आणि त्या नावाची वस्तू कोणी आणलेलीच नव्हती. निघाला झोपायच्या खोलीतला स्मार्ट बल्ब. एस्प्रेसिफ ही वायफायच्या चिप बनवणारी कंपनी. बल्बच्या खोक्यावर नाव दुसरंच. मॅक अ‍ॅड्रेसच्या (म्हणजे उपकरणाच्या नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकाच्या) बारा अक्षरांपैकी पहिली सहा सहसा निर्मात्याची असतात, राउटर त्यावरून नाव लावतो, आणि तो निर्माता बऱ्याचदा आतल्या सुट्या भागाचा असतो. गंमत म्हणजे बल्ब बंद केल्यावरही नोंद हलेना. काही राउटर निघून गेलेल्या उपकरणाचंही नाव बराच वेळ यादीत ठेवतात.

दुसरी नोंद नुसतीच ‘अननोन’. ती सुनेच्या फोनची. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन पाळत चुकवण्यासाठी वायफायला आपला मूळ मॅक न देता तयार केलेला देतात. त्याची खूण सोपी आहे: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा असाच तयार केलेला. ही एक ओळ त्या संदेशात असती तर किती घरांची झोप वाचली असती!

आणि समजा खरोखरच कोणी घुसलेलं असेल, तर नुसत्या ब्लॉकने काय होणार? ब्लॉक होतो तो मॅक, आणि मॅक बदलणं मिनिटाचं काम आहे. इलाज एकच, पासवर्ड बदलायचा. मग घरातली जी जी वस्तू बंद पडेल तिला नवा पासवर्ड द्यायचा. ज्याच्यासाठी कोणीच तक्रार घेऊन आलं नाही, ते घरचं नव्हतं. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, बल्ब सगळ्यांना पुन्हा जोडायचं हे काम कटकटीचं आहे खरं.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. त्याच घरात जोडणी करून गेलेल्या तंत्रज्ञाने वायफायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचाच मोबाइल नंबर ठेवला होता. ‘लक्षात राहतो’ म्हणे. शेजाऱ्यापाशी तो नंबर असतोच. नसला तरी दहा आकडी नंबराच्या शक्यता होतात एक हजार कोटी. हवेतून जोडणीची देवाणघेवाण टिपून घेतली, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम आहे. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’च होता. डब्ल्यूपीएस पिनही, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन देऊन उपकरण जोडायची सोय, चालू. हा पिन आठ आकडी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो. हे २०११ मध्येच उघड झालंय.

२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नेहमीच्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या. तेवढ्यावर भागलं. अशा वेळी यादीत परकं नाव दिसत नाही; दिसतो तो आपलाच कॅमेरा, ओळखीच्या नावाने.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकायला बंदी केली, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणंही बंधनकारक केलं. म्हणजे हे करता येतं. ग्राहकाला घाबरवण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल.

आपल्या बातमीदारांनी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना तीन प्रश्न विचारावेत. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड प्रत्येक ग्राहकाला वेगळा देता का? डब्ल्यूपीएस पिन बंद करून देता का? या मॉडेलला अपडेट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार? उत्तरं कंपनीच्या नावासकट छापा. ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांची नावंही छापा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापरीक्षक